गुणपत्रिकेतली चौथी ओळ

११ मे १९८७ रोजी पंजाबात राष्ट्रपती राजवट लागू झाली. चंडीगड केंद्रशासित असल्यामुळे तिथल्या कारभारात त्या दिवशी काही बदलले नाही. चौकाचौकांत वाळूच्या पोत्यांमागे जवान आधीही होते आणि नंतरही राहिले. सेक्टर एकोणतीसच्या सरकारी वसाहतीत गुरुनाथ दामोदर साकळकर यांच्या घरी त्या महिन्यात वाट पाहिली जात होती ती मुलीच्या बारावीच्या निकालाची.

साकळकर मूळचे जळगाव जिल्ह्यातले. नद्यांच्या पातळ्या मोजून त्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या एका केंद्रीय कार्यालयात त्यांची सव्वीस वर्षे गेली होती, त्यांपैकी शेवटची नऊ चंडीगडात. १९८४ साली त्यांना राजपत्रित पद मिळाले. पदाबरोबर एक गोल शिक्का आला आणि त्या शिक्क्याने त्यांचे रविवार बदलून टाकले. त्या काळी कॉलेजच्या अर्जाला मूळ गुणपत्रिका जोडत नसत. तिची टाइप केलेली प्रत जोडायची, आणि ती मुळाबरहुकूम आहे अशी सही एखाद्या राजपत्रित अधिकाऱ्याकडून घ्यायची, अशी पद्धत होती. परक्या मुलखात अनोळखी साहेबाच्या दारात ताटकळण्यापेक्षा आपला माणूस बरा, म्हणून टेलिफोन खात्यातली, हवाई दलातली मराठी मंडळी मुलांचे कागद घेऊन साकळकरांच्या बैठकीत येऊन बसत.

इतर अधिकारी न वाचताच सही ठोकतात, असे साकळकरांचे ठाम मत होते; आपण तसे नाही याचा त्यांना अभिमान होता. मूळ कागद डावीकडे, प्रत उजवीकडे, दोन्हींवर एकेक फूटपट्टी आडवी, आणि एकेक ओळ मोठ्याने वाचत ते खाली सरकत. यामुळे प्रती अचूक निघत, हे खरे. बैठकीतल्या प्रत्येकाला प्रत्येकाच्या मुलाचे गुण यामुळेच कळत, हेही तितकेच खरे.

१९८६ च्या जूनमधला एक रविवार अनेकांच्या लक्षात राहिला आहे. टेलिफोन खात्यातले शशिकांत बोधनकर मुलाला, अशोकला, घेऊन आले होते. साकळकरांची पट्टी खाली सरकत सरकत एका ओळीवर थांबली.

"गणित. त्रेचाळीस."

"काका, पेपर हार्ड होता," अशोक म्हणाला.

"पेपर सगळ्यांना एकच असतो रे. शशिकांत, त्रेचाळीस म्हणजे कसं सांगू? पुरात वाहत आलेला माणूस काठाला लागावा तसं. पोहता आलं म्हणून नाही वाचला. पाणी ओसरलं म्हणून वाचला."

बैठक हसली. बोधनकरही हसले. "मग सही द्या साहेब, पाणी परत चढायच्या आत," ते म्हणाले. अशोक तेवढा हसला नाही.

मंडळी गेल्यावर आतल्या दारात उभी असलेली रागिणी म्हणाली, "बाबा, आपने उसकी इन्सल्ट की."

"घरात मराठीत बोल."

"मराठीत पण इन्सल्टच होती."

साकळकरांना ते उत्तर आवडले. पोरगी तल्लख आहे, असे त्यांनी बायकोला, नीलाबाईंना, कौतुकाने सांगितले. अशोकचा चेहरा त्यांच्या लक्षात राहिला नाही. तो त्यांना पुढे वर्षभराने आठवला.

रागिणी तेव्हा बारावीत गेली होती. अकरावीत तिने विज्ञान शाखा घेतली तेव्हाच नीलाबाईंनी सेक्टर वीसमधल्या गुरमेल सिंगांचे नाव काढले होते. निवृत्त शिक्षक, वरच्या मजल्यावर सतरंजीवर तीस मुले, आणि त्यांच्याकडचे मूल गणितात अडकत नाही अशी ख्याती. साकळकरांनी एका वाक्यात विषय संपवला: "गणित घरचं असताना बाहेर कशाला?" घरात हेच कारण समजले गेले. खरे कारण दुसरे होते. ती शिकवणी गुरुद्वाऱ्यामागच्या गल्लीत होती, साल १९८५ होते, आणि त्या गल्लीतून रोज संध्याकाळी मुलीने सायकलवर यायचे याची त्यांना भीती वाटत असे. ज्या दोन शीख सहकाऱ्यांबरोबर ते रोज डबा खात, त्यांच्यासमोर ही भीती उच्चारणे त्यांना शक्य नव्हते. स्वतःसमोरही नव्हते. म्हणून त्यांनी भीतीला अभिमानाचे नाव दिले आणि रोज सकाळी साडेसहा ते साडेसात मुलीला स्वतः शिकवायला बसले.

शिकवताना त्यांनी आणखी एक गोष्ट मनात धरली. रागिणीची शाळा इंग्रजीतली, मैत्रिणी हिंदी-पंजाबीतल्या. मराठी तिला समजत असे, पण ओठांवर टिकत नसे. एका तासात गणितही होईल आणि मायबोलीही राहील, या हिशेबाने त्यांनी पुण्याहून गणिताच्या मराठी परिभाषेचा कोश मागवला. त्यातले शब्द आधी ते स्वतः पाठ करत, कारण कॉलेजात तेही हा विषय इंग्रजीतच शिकले होते. सीमा, विकलन, सदिश, संभाव्यता. आदल्या दिवशी शाळेत इंग्रजीत जे झाले असेल तेच सकाळी मराठीत पुन्हा. उदाहरण संपले की ते विचारत, "समजलं?" आणि ती म्हणे, "हो, बाबा."

दोन वर्षे ती "हो, बाबा" म्हणत राहिली. नदीची पातळी एखाद्या ठिकाणी सलग आठ दिवस एकाच आकड्यावर दिसली, तर साकळकर तिथल्या माणसाला कळवत की मोजपट्टी तपासा, ती अडकली असणार. घरात मात्र एकच उत्तर त्यांनी दोन वर्षे नोंदवून घेतले आणि त्याबद्दल त्यांना कधी शंका आली नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात रागिणी गुणपत्रिका घेऊन घरी आली. दारातच तिने आईला "पास" एवढे सांगितले. संध्याकाळी साकळकर बर्फी घेऊन आले, हातपाय धुतले, खुर्चीवर बसले आणि कागद वाचू लागले. इंग्रजी एकाहत्तर. भौतिकशास्त्र बावन्न. रसायनशास्त्र अठ्ठावन्न. गणित सत्तावीस. अर्थशास्त्र सहासष्ट. चित्रकला एक्याण्णव. खाली शेरा: उत्तीर्ण.

"हे सत्तावीस कुणाचे?"

"माझेच, बाबा."

"तेहेतीस लागतात पास व्हायला. मग हे उत्तीर्ण कसं?"

"सहावा विषय होता ना, पेंटिंग. एकात गेलं की बोर्ड सहावा धरतं. पाच झाले. पास." ती ठरवून आल्यासारखी बोलत होती.

चित्रकलेला साकळकर फावल्या वेळचा विषय म्हणत. तो घेऊ देताना त्यांनी कुरकुर केली होती. आता त्याच्याच आधाराने कागदावर ‘उत्तीर्ण’ हा शब्द उभा होता. त्यांनी बर्फीचा पुडा न सोडता टेबलावर ठेवला.

"मॅथ्स मी परत करणार," रागिणी म्हणाली. "मॅडमना विचारलंय. नवीन बारावीच्या फक्त मॅथ्सच्या पिरियडला बसू देतील. मार्चमध्ये परत पेपर. आर्किटेक्चरला मॅथ्सशिवाय फॉर्मच घेत नाहीत."

"खालच्या वर्गातल्या पोरांबरोबर? मागच्या बाकावर?"

"हां. मागच्या बाकावर."

"वर्षभर लोक विचारतील, साकळकरांची मुलगी शाळेत कशी अजून. काय सांगणार?"

"सांगायचं, मॅथ्समध्ये उडाली."

"बी. ए. ला जा. सदुसष्ट पॉइंट सहा टक्के आहेत, कुठेही मिळेल. दिवस हे असे. कधी संचारबंदी लागेल सांगता येत नाही, आणि एक वर्ष उगाच..."

"दिवसांना कशाला मध्ये आणता?" नीलाबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "बी. ए. चं कॉलेजही याच गावात आहे. तिथेही सायकलनेच जायचंय तिला."

शेवटी ठरले ते इतकेच, की बी. ए. चा अर्जही आणून ठेवायचा आणि शाळेचाही. कॉलेजच्या अर्जाची मुदत वीस जूनपर्यंत, शाळेचा महिनाअखेरपर्यंत. तोवर विचार करायचा.

पुढच्या रविवारी बोधनकर दुसऱ्याच कुणाचा तरी कागद घेऊन आले. सही झाल्यावर त्यांनी सहज विचारले, "आपल्या रागिणीचं काय हो?"

"सदुसष्ट पॉइंट सहा."

"वा! आणि गणितात? तुमची शिष्या म्हणजे ऐंशीच्या खाली नसणार."

"अहो, चांगली पास झाली की," साकळकर म्हणाले आणि चहाची आठवण करून द्यायला उठून आत गेले. नीलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिले नाही. कपात चहा ओतत त्या इतकेच म्हणाल्या, "बशी घ्या. सांडेल."

त्या रात्री साकळकरांना मुलीचा राग आला नाही. राग आला असता तर सोपे झाले असते. त्यांना आठवला तो अशोकचा चेहरा, आणि ज्या पंधरावीस घरांतल्या मुलांचे गुण आपण आपल्या खुर्चीतून मोठ्याने वाचले होते ती घरे. त्या घरांपैकी एकानेही आपले मूल नापास होऊ दिले नव्हते. आणि ज्या एकाच मुलीला आपण स्वतः शिकवले तीच नापास झाली होती.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ते सेक्टर सतराला कचेरीबाहेर, झाडाखाली टंकलेखक बसत तिथे गेले. मूळ गुणपत्रिका शाळेच्या कामासाठी रागिणीकडे होती. त्यांनी गुण एका चिठ्ठीवर उतरवून आणले होते. चिठ्ठीवर सहा ओळी होत्या. ते वाचून दाखवू लागले, टंकलेखक टाइप करू लागला. इंग्रजी, इकहत्तर. फिजिक्स, बावन. केमिस्ट्री, अठ्ठावन. इथे ते थांबले. टंकलेखकाची बोटे यंत्रावर वाट पाहत होती.

"इकॉनॉमिक्स," साकळकर म्हणाले, "छासठ."

पेंटिंग झाल्यावर टंकलेखकाने वर पाहिले. "बस, जी? पाँच?"

"पाँच."

आपण खोटा आकडा सांगितला नाही, असे ते परतताना स्वतःला समजावत होते. बोर्ड स्वतःच पाच विषय धरते. बी. ए. ला गणित लागत नाही. जे मोजले जात नाही ते लिहिले काय आणि न लिहिले काय. पण कागदाच्या डोक्यावर ‘ट्रू कॉपी’ ही अक्षरे होती, आणि त्या दोन शब्दांखाली सही करताना आपण काय काय तपासतो हे त्यांच्याइतके कुणालाच माहीत नव्हते.

स्वतःच्या मुलीच्या प्रतीवर स्वतःची सही चालत नाही. हा नियम त्यांनी पाळला. ती प्रत घेऊन ते सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर शैलजा मुळगुंद यांच्याकडे गेले. बाई मूळच्या बेळगावकडच्या, राजपत्रित, आणि सकाळच्या गर्दीत मान वर करायला फुरसत नसलेल्या. त्या वाचणार नाहीत, असे साकळकरांनी धरून चालले होते. रागिणीला त्यांनी मूळ गुणपत्रिका घेऊन परस्पर दवाखान्यात यायला सांगितले होते. तिने टाइप केलेली प्रत पाहिलेली नव्हती.

दवाखान्यात बाकावर आठ-दहा माणसे होती. त्यांत बोधनकरांच्या पत्नी प्रतिमाबाई रक्तदाब तपासायला आलेल्या. "अय्या, रागिणी! अभिनंदन गं," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी दोन्ही कागद समोर घेतले आणि औषधांच्या चिठ्ठ्यांच्या पॅडची कड मूळ कागदावर आडवी ठेवली.

"तुमचीच पद्धत, साकळकर. मागच्या वर्षी माझ्या पुतणीच्या प्रतीत तुम्ही जन्मतारखेची चूक काढलीत. तेव्हापासून मीही ओळ न् ओळ वाचते." आणि त्या वाचू लागल्या, मोठ्याने. "इंग्लिश एकाहत्तर. फिजिक्स बावन्न. केमिस्ट्री अठ्ठावन्न. मॅथेमॅटिक्स..." पॅड थांबले. "सत्तावीस. हे इथे नाहीये."

बाकावर कुणीतरी खोकले.

"टायपिस्टची चूक असेल," साकळकर म्हणाले.

"आकडा चुकतो टायपिस्टचा. अख्खी ओळ कशी चुकेल? आणि नेमकी हीच?"

बाईंच्या मागच्या भिंतीवर लसीकरणाचे वेळापत्रक होते. ते साकळकरांनी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले. बीसीजी, जन्मताच. ट्रिपल, दीड महिना. तेवढ्यात बाजूने रागिणीचा आवाज आला.

"आंटी, टायपिस्टकडे मी गेले होते. मीच बोलले त्याला, पाच लिहा म्हणून."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "हे बघ बाळ, नापास होणं हा गुन्हा नाही. हा आहे. यावर माझी सही झाली असती आणि उद्या कॉलेजात मूळ कागद मागितला असता, तर तुझा प्रवेश गेला असता आणि माझी नोकरीही. वडिलांच्या नावाचा तरी विचार करायचास."

"सॉरी, आंटी."

बोलायला तेवढा वेळ पुरेसा होता. एक वाक्य, चार शब्द: मी सांगितलं होतं त्याला. साकळकरांना ते शब्द जिभेवर आलेलेही जाणवले. समोर वेळापत्रक होते, बाकावर प्रतिमाबाई होत्या, आणि ते गप्प राहिले. डॉक्टरांनी प्रत सही न करता परत दिली आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली.

बाहेर रागिणी सायकलचे कुलूप काढत होती. साकळकर तिच्यापासून दोन पावलांवर उभे राहिले.

"तू कशाला..."

"तुमचा शिक्का आहे, बाबा. सगळे तुमच्याकडे येतात." कुलूप अडकले होते, ती किल्ली फिरवत राहिली. "माझं काय जाणार? माझे तर सत्तावीस आहेतच."

"प्रतिमाबाई घरोघरी सांगतील आता."

"सांगू दे ना. बी. ए. चा फॉर्म मी नाही भरणार. मॅथ्स परत करतेय. आणि सकाळी तुमच्याकडे नाही, संध्याकाळी गुरमेल सरांकडे. तिकडे इंग्लिशमध्ये शिकवतात."

"मी शिकवलेलं काहीच..."

तिने पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिले. "कळलंच नाही कधी. दो साल. शाळेत एक शब्द, घरी दुसरा. मी वहीत दोन्ही लिहायची आणि मग दोन्ही विसरायची."

"मग ‘हो’ का म्हणायचीस?"

"तुम्ही एवढे खूश असायचे, यार बाबा," ती म्हणाली आणि सायकलवर बसून निघाली.

साकळकर त्या दिवशी कार्यालयात गेले, नोंदी तपासल्या, डबा खाल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडण्याआधी ते डॉक्टरांच्या दाराशी उभे होते. आत गेल्यावर त्यांनी खुर्ची घेतली नाही.

"काल मुलगी खोटं बोलली. टायपिस्टकडे मी गेलो होतो. ओळ मी गाळली."

"तुमचा संशय आला होता असं म्हटलं तर तुम्हांला बरं वाटेल," डॉक्टर मुळगुंद म्हणाल्या. "पण नाही आला. मी तिचंच खरं मानलं. काल घरी जाऊन यांना म्हटलंसुद्धा, साकळकरांच्या पोटी अशी कशी निघाली म्हणून."

"म्हणूनच आलो."

"मला सांगून काय होणार? बाकावर लोक होते. त्यांना सांगा. आणि तिला सांगा, की तुम्ही हे मला सांगितलंत."

पहिले काम त्यांनी त्याच संध्याकाळी केले. ते बोधनकरांच्या घरी गेले आणि शशिकांत व प्रतिमाबाई दोघांसमोर, बूट न काढता, दारातच म्हणाले, "रागिणीला गणितात सत्तावीस आहेत. ती खोटी प्रत मी करून घेतली होती. तिचा त्यात हात नव्हता." एखादा टोमणा बोधनकरांना सुचला नसेल असे नाही. पण ते म्हणाले, "आत या साहेब, चहा टाकतो." साकळकर आत गेले. चहा होईपर्यंत ते अशोकची वाट पाहत होते. त्याच्याशीही त्यांना बोलायचे होते. अशोक आतल्या खोलीत होता. तो बाहेर आला नाही, आणि त्याला बोलवा असे म्हणण्याचा धीर साकळकरांना झाला नाही.

महिनाअखेरीस शाळेचा अर्ज भरायचा होता. पुन्हा वर्गात बसण्याचे कारण पालकाने स्वतःच्या अक्षरात लिहायचे, असा त्यात रकाना होता. ‘आजारपण’ असे बहुतेक पालक लिहितात, शाळेतही कुणी खोदून विचारत नाही, असे लिपिकाने सुचवले. साकळकरांनी लिहिले: ‘गणितात अनुत्तीर्ण. गुण २७. घरी चुकीच्या पद्धतीने शिकवले गेले.’ शेवटच्या वाक्याची अर्जाला गरज नव्हती. लिपिकाने ते वाचले, त्यांच्याकडे पाहिले आणि शिक्का मारला.

सहा जुलैला चंडीगडजवळच्या लालरू गावापाशी अतिरेक्यांनी बस थांबवून प्रवाशांना गोळ्या घातल्या. चंडीगडात दोन दिवस माणसे खालच्या आवाजात बोलत होती. त्या आठवड्यात साकळकरांनी मुलीला शिकवणीला जाऊ नको म्हणून सांगितले नाही. ते स्वतः सायकलवर तिच्यामागे गुरुद्वाऱ्यामागच्या गल्लीपर्यंत गेले. गुरमेल सिंग जिन्याच्या तोंडाशी उभे राहून एकेक मूल मोजून आत घेत होते. "आप की बिटिया?" त्यांनी विचारले. "छोड़ने मैं खुद आऊँगा, फिक्र न करो जी." साकळकरांनी हात जोडले. या माणसाला आपण दोन वर्षे का टाळले हे त्यांना सांगायचे होते. तेही राहून गेले. शिकवणी सुटल्यावर गुरमेल सिंग चौकापर्यंत मुलांबरोबर चालत आले, आणि पुढेही वर्षभर येत राहिले.

रागिणी वर्षभर नव्या बारावीच्या गणिताच्या तासाला मागच्या बाकावर बसली. पहिल्या आठवड्यात मुले तिला "दीदी" म्हणत, नंतर नावाने हाक मारू लागली. १९८८ च्या निकालात तिला गणितात चौसष्ट मिळाले आणि त्या वर्षी तिने आर्किटेक्चरचा अर्ज भरला. सोबतची प्रत डॉक्टर मुळगुंदांच्या सहीची होती. साकळकरांकडे रविवारी लोक येणे त्या उन्हाळ्यात कमी झाले, असे नीलाबाईंचे म्हणणे. बोधनकरांच्या मते तसे काही झाले नाही, फक्त साहेब कागद मनातल्या मनात वाचू लागले. दोघांपैकी कुणाची आठवण बरोबर, हे ठरवायला दुसरा पुरावा नाही.

एवढे कळते. जे कळत नाही तेही नोंदवायला हवे. ती प्रत वडिलांनी करून घेतली आहे हे त्या सकाळी रागिणीने एका क्षणात कसे ओळखले, हे तिने कुणाला सांगितलेले नाही. बोधनकरांच्या घरी वडील काय बोलून आले हे तिच्या कानावर गेले की नाही, याबद्दल नीलाबाईंना खात्री नाही. आणि डॉक्टरांनी सांगितलेले दुसरे काम, म्हणजे मुलीसमोर उभे राहून, आपण डॉक्टरांकडे खरे सांगितले हे तिला स्वतः सांगणे, साकळकरांनी कधी केले का, हे अजून कळलेले नाही.